सवतीच्या कुंड्या

मला बिजवराला दिली तेव्हा माझं वय सव्वीस होतं. आमच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनामसारख्या गावात त्या काळी सव्वीस म्हणजे मुलगी घरात राहून गेली, असंच धरायचे. माझ्या दोन्ही धाकट्या बहिणी केव्हाच सासरी गेल्या होत्या. वडिलांचा थोडा ऊस होता, थोडी भाजी होती, आणि समुद्र इतका जवळ की वारा सुटला की ओठांना मीठ लागायचं. मागणी क्युरपीपहून, बेटाच्या मधल्या उंच पठारावरच्या शहरातून आली. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, पहिली बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही, घरात फक्त आई. वडिलांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला तो माणूस बघताक्षणी आवडला होता. उंच, बारीक, कमी बोलणारा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा.

आमच्या आजीकडून ऐकलं होतं, की दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा चांदीचा टाक बांधायची जुनी रीत होती. म्हणजे गेलेली बाई नव्या बाईला त्रास देत नाही. माझ्या सासूने तसलं काही केलं नाही. भिंतीवर तिचा फोटोही नव्हता. मी मनात म्हटलं, चला, मोकळं घर मिळालं.

घर भाड्याचं होतं, लाकडी, पत्र्याच्या छपराचं. पुढे वारांग, म्हणजे आमच्याकडची ओसरी, आणि मागे स्वयंपाकघराच्या दगडी भिंतीशी थोडं अंगण. त्या अंगणात चार झाडं होती. दोन मॅंडरिनची, म्हणजे संत्र्याच्या जातीची, पण चपटी आणि सैल सालीची, एक लिंबाचं, आणि एक अगदी बुटकं, ज्याला बोराएवढी आंबट फळं लागायची. चारही झाडं तेलाच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात लावलेली. मला नवल वाटलं. एवढी जमीन असताना पिंपात कशाला? सासू म्हणाली, "तिला सोताचं घर बांदायचं होतं. म्हनली, जमिनीत लावली तर जाताना कशी न्हेऊ?"

'ती' कोण, हे वेगळं सांगावं लागलं नाही. त्या घरात 'ती' एकच होती.

जून लागला, म्हणजे आमच्या बेटावरचा हिवाळा, आणि क्युरपीपने आपलं खरं रूप दाखवलं. आमच्याकडे सुरिनामला थंडी म्हणजे संध्याकाळी अंगावर पदर घ्यायचा, इतकंच. इथे आग्नेयेकडून वारा सुटायचा, पिठासारखा पाऊस दिवसभर भुरभुरायचा, भिंतींना ओल यायची, आणि कपडे आठवडाभर वाळायचे नाहीत. बर्फ नाही, काही नाही, पण थंडी हाडात शिरायची. लिंबासंत्र्याच्या झाडांना ही थंडी सोसत नाही. त्यातून मुळं जमिनीत असली तर जमीन त्यांना सांभाळते. पिंपातल्या मुळांना चहूबाजूंनी गार पत्रा. पाणी साचलं की मुळं कुजतात, पानं पिवळी पडून गळतात, आणि पुढच्या मोसमाचा मोहोर आधीच जातो.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की नवरा कचेरीतून आला, कोट काढला आणि चहा न पिताच अंगणात गेला. त्याने पिंपांखाली विटा सारून ती उचलून ठेवली, म्हणजे पाणी निथळावं. पिंपांभोवती गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. मातीवर उसाचा वाळका पाला पसरला, पण बुंध्यापासून चार बोटं लांब. पिंपांच्या कडेने बांबूच्या काठ्या रोवल्या. मग तो आत आला, आमच्या खाटेखालून एक पत्र्याची ट्रंक ओढली आणि तिच्यातून साड्या काढल्या.

सुती साड्या होत्या. एक जांभळी, एक शेवाळी, एक पिवळी बारीक ठिपक्यांची, एक पांढरी लाल काठाची. त्याने त्या काठ्यांवरून घातल्या, झाडाच्या भोवती फिरवून आणल्या आणि टोकं खाली विटेने दाबली. साडी पानांना टेकू नये म्हणून तो मधेमधे बोट घालून बघत होता. ते बोट मी बघत राहिले.

संध्याकाळच्या उजेडात भिंतीपाशी चार बायका उभ्या होत्या. वाऱ्याने पदर हलत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते आणि माझ्या खांद्यावर काही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आत जा, सर्दी होईल." बस. मला कोणी काठी रोवून कपडा घातला नाही.

सकाळी तोच साड्या काढायचा, कारण झाडांना उजेड लागतो. त्या वारांगात दोरीवर वाळत पडायच्या. म्हणजे रात्रभर त्या मागच्या अंगणात आणि दिवसभर पुढच्या दारात. मी येता-जाता त्यांच्याखालून वाकून जायची. त्या साड्यांच्या लांबीवरून, काठावर पडलेल्या चुण्यांवरून मी तिचा अंदाज करायची. उंच असावी. पदर डाव्या खांद्यावर टाचणीने लावत असावी, कारण तिथे सगळ्या साड्यांना बारीक भोकं होती. पिवळ्या साडीवर एक डाग होता हळदीचा, तो कधी निघालाच नाही. तिचा फोटो भिंतीवर असता तर बरं झालं असतं. फोटोकडे पाठ तरी करता येते.

पहिल्याच हिवाळ्यात मी माहेरी गेले आणि येताना वडिलांच्या वाडीतलं लिंबाचं रोप आणलं. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं, गुडघ्याएवढं, पण पानं कशी तकतकीत. ते मी चार पिंपांच्या ओळीत ठेवलं नाही, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. हे माझं. याची काळजी मी घेणार.

त्या संध्याकाळी नवरा झाडं झाकता झाकता माझ्या रोपाजवळ आला आणि म्हणाला, "याला पण काही घालायला पाहिजे. त्यातली एक साडी घे."

मी म्हटलं, "नको. माझ्याकडे आहे."

माझ्याकडे प्लास्टिक होतं, दुकानातून गादीवर आलेलं. ते मी रोपावर घट्ट लपेटलं आणि खाली दोरी बांधली. वाटलं, साडीतून वारा जातो, यातून तोही जाणार नाही. नवऱ्याने बघितलं, सांगितलं की प्लास्टिक पानाला चिकटलं तर पान जळतं. मी म्हटलं, बघू. काही दिवसांनी पानांच्या कडा काळ्या पडल्या, आतून पाणी साचून फांद्या बुळबुळीत झाल्या. मी दोरी सोडली तेव्हा पानं प्लास्टिकबरोबरच निघून आली. रोप उपटून मी कुंपणापलीकडे टाकलं. सासूने ते बघितलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तिने काही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आजही मला त्या साडीला नाही म्हटल्याचं वाईट वाटत नाही. झाडाचं वाईट वाटतं.

जुलैत पाहुणी यायची. पहिलीची धाकटी बहीण, लालमती नावाच्या गावची. बापाचं तिथे छोटं दुकान होतं आणि ती गावातल्या शाळेत शिकवायची. साधारण माझ्याच वयाची, लग्न न झालेली. हिवाळ्याच्या सुट्टीत एक दिवस बसने यायची, हातात दुकानातल्या डाळीची नाहीतर साबणाची पिशवी असायची. ती पिशवी सासूच्या हातात द्यायची आणि चपला न काढता घराला वळसा घालून थेट मागे जायची. पानं उलटी करून बघायची, माती दोन बोटांनी चिमटून बघायची, मग घरात येऊन चहा घ्यायची. मला ती ताई म्हणायची नाही, वहिनीही नाही. नुसतं 'तुम्ही'. पानाआडून कोणाला बोलावं तसं.

ती आली की सासूचा आवाज बदलायचा. एरवी कण्हत बसणारी बाई मोदकाला नारळ खोवायला बसायची. शेजारीण मला एकदा म्हणाली, आवाज अगदी बहिणीसारखा आहे हिचा, डोळे मिटले तर वाटतं तीच बोलतेय. त्यानंतर पाहुणी बोलत असली की मी सासूकडे बघायची, आणि खरंच, म्हातारी डोळे मिटून ऐकत असायची. आणि नवरा, जो माझ्याशी दिवसाला मोजकं बोलायचा, तो तिच्याशी अंगणात उभा राहून बोलत राहायचा. काय बोलतात म्हणून मी भांडी घासायच्या निमित्ताने खिडकीशी जायची. फांदी कुठे छाटायची, शेणखत आत्ता घालू नये, थंडी सरल्यावर घालावं, पाणी सकाळी द्यावं आणि तेही कोमट करून. एवढंच. त्यात काही नव्हतं. पण काही नसताना माणूस इतका वेळ बोलतो, याचाच मला जास्त राग यायचा.

त्याच शेजारणीने पुढे हेही सांगितलं, की लोकांना वाटलं होतं, धाकटीच येईल थोरलीच्या जागी. आपल्यात तसं करतातच. मग का आली नाही, ते शेजारणीला ठाऊक नव्हतं. मला विचारण्याची सोय नव्हती. तो विचार मी पोटात घेऊन फिरले, आणि त्याच पोटात पुढे माझी मुलगी आली.

मुलगी ऑगस्टमध्ये झाली, ऐन थंडीत. तेव्हाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. क्युरपीपच्या पावसात लंगोट वाळत नाहीत. स्वयंपाकघरात चूल होती, तिच्यामागची दगडी भिंत दिवसभर तापायची, आणि बाहेरून त्या भिंतीशी हात लावला तर ऊब लागायची. घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच, वरून पत्र्याची पडवी. आणि तिथे ही चार पिंपं. मी सासूला म्हटलं, झाडं थोडी सरकवू या, मला तिथे दोरी बांधायची आहे. ती म्हणाली, "लंगोट आत वाळव गो, चुलीवर. झाडं काय आत येत्यात?"

नवऱ्याने ऐकलं. तो गेला, एक दोरी आणली आणि झाडांच्या वरून पडवीला बांधली. मला वाटतं त्याने त्याच्या परीने तोड काढली होती. पण रोज संध्याकाळी माझ्या लेकीचे लंगोट वरून ठिबकायचे आणि खाली त्या चार साड्या उभ्या. लंगोटाचं पाणी पानांवर पडू नये म्हणून त्याने लंगोट आणखी पिळून घालायला सांगितलं. मी त्या रात्री जेवले नाही. कोणाला कळलं नाही, कारण बाळंतिणीने कमी खाल्लं तर कोणी विचारत नाही.

अशी वर्षं गेली. मुलामागून मूल झालं, मुलगी शाळेत जाऊ लागली, घरात टीव्ही आला. झाडं तेवढीच राहिली. पिंपातलं झाड वाढून वाढून किती वाढणार? उन्हाळ्यात हिरवी, हिवाळ्यात झाकलेली. मॅंडरिन वर्षाला ओंजळभर यायच्या आणि आंबट असायच्या, उन्हाशिवाय गोडी कुठून येणार? त्यातली पहिली सासू देवापुढे ठेवायची, आणि मग सगळ्यांना एकेक फोड. माझी फोड मी मुलांना देऊन टाकायची.

ऐंशीचं दशक सुरू झाल्यावर एका वर्षी नवऱ्याची कामानिमित्त रॉड्रिग्जला रवानगी झाली. तिकडच्या बेटावर एक सरकारी इमारत बांधायची होती, तिचे हिशेब बघायला. सगळा हिवाळा जाणार होता. जायच्या आधी त्याने मला अंगणात नेलं आणि सगळं समजावून सांगितलं, जशी काही मी ते आठ-दहा वर्षं बघत आलेच नव्हते. मी हो हो म्हणत होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. त्याच्या हातची ती कामं एकदा माझ्या हाती येणार होती. आणि मग तो म्हणाला, "मी लालमतीला जाऊन धाकटीला सांगून ठेवलंय. ती सुट्टीत येऊन राहील. तुला एकटीला जड जाईल."

मला काय जड जाईल आणि काय नाही, हे त्याने तिच्याशी ठरवलं होतं.

ती आली, बॅग घेऊन, राहायला. सासूच्या खोलीत तिचं अंथरूण घातलं. आम्ही दोघी एकमेकींशी फार नीट वागलो. ती भांडी घासायला घ्यायची, मी तिच्या हातून काढून घ्यायची. मी झाडांना कोमट पाणी घालायला जायची, तर ती आधीच घालून आलेली असायची. मुलं तिला चिकटली. माझ्या मुलीला ती क्रिओलमधून, म्हणजे बेटावरच्या बोलीतून, गोष्टी सांगायची आणि मधेच मराठी शब्द पेरायची, आणि माझी मुलगी, जी माझ्याशी मराठी बोलायला आळस करायची, ती तिच्यामागे ते शब्द म्हणायची. तेही मी बघितलं.

मग एक आठवडा असा आला की वारा थांबेना. सूर्य दिसला नाही. सासू पांघरुणातून बाहेर येईना. अंधार पडायच्या आधी आम्ही दोघी झाडं झाकायला गेलो. साड्या आता जुन्या झाल्या होत्या, इतक्या वर्षांच्या ओलीने विरून गेल्या होत्या. मी पिवळीचं एक टोक धरलं, तिने दुसरं. काठ्यांवर घालताना वाऱ्याचा झोत आला, साडी शिडासारखी फुगली आणि मधून फाटली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. अर्धी तिच्या हातात, अर्धी माझ्या.

मला वाटलं ती रडेल. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. ती हसत होती. वाईट हसत नव्हती, दमलेलं माणूस हसतं तशी.

"ही माझी होती," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी विचारलं, काय तुमची होती?

"साडी. दिवाळीला बाबांनी मला घेतली होती. मी एकदा नेसले, हळदीचा डाग पण मीच पाडलेला. मग तिचं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, मला ही पाहिजे. दिली." तिने तुकडा चुरगळला आणि कोपऱ्यातल्या मोठ्या मॅंडरिनकडे हात केला. "ते झाड पण माझं. शाळेत असताना बी लावलं होतं मी. ती म्हणाली, मी थंड गावात चालले, मला घरचं काहीतरी द्या. आई म्हणाली, दे. आमच्या घरात जे चांगलं ते तिचं. ती गेली तरी बघा ना, मी दर वर्षी बस धरून येते, माझंच झाड बघायला, आणि सगळे म्हणतात, बहिणीवर किती जीव."

मी फाटकी साडी धरून उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या मेलेल्या बाईचा हेवा करणारी जगात मी एकटीच आहे. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग तुम्ही या घरात का नाही आलात? लोक म्हणत होते."

ती सहज बोलून गेली. "विचारलं होतं ना मला. तुमच्याआधी. भावोजी स्वतः आले होते लालमतीला. मी नाही म्हटलं. तिने टाकलेलं मी काय म्हणून उचलू?"

मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो आणि कोणापुढे. तिने माझा हात धरला, म्हणाली, तसं नव्हतं म्हणायचं. मी म्हटलं, मला कळलं. पण मला बघायला तो त्याच्या आईबरोबर आला होता, आणि तिच्याकडे स्वतः, एकटा गेला होता. आणि जे तिने उचललं नाही ते मी, आवडलं म्हणून, उचललं होतं. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येतच होतं, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही.

झाडं मात्र उघडी होती. आम्ही राहिलेल्या तीन साड्यांवर भागवलं नाही. मी आत जाऊन गोणपाटाची पोती आणली, ती उसवली, दाभणाने एकाला एक जोडली. ती बांबू बांधत गेली, झाडापेक्षा वीतभर उंच, म्हणजे पोतं पानावर बसणार नाही. दोघी मिळून चार टोप्या तयार केल्या. पोत्याचं कापड जाड, वाऱ्याने उडेना, आणि ओल झाली तरी हवा खेळती राहायची. शेवटच्या टोपीची कड ती शिवत होती, तेव्हा मी बोलले.

"तुझं झाड तू घेऊन जा," मी म्हटलं.

तिने सुई थांबवली. भावोजी काय म्हणतील, मावशी, म्हणजे माझी सासू, काय म्हणतील, असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, त्यांना मी सांगते.

मी ते प्रेमाने दिलं की चार पिंपांतलं एक तरी डोळ्यांसमोरून जावं म्हणून दिलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वारा पडल्यावर ओळखीच्या भाजीवाल्याची व्हॅन बोलावली. त्याने आणि त्याच्या भावाने पिंप उचलून मागे ठेवलं, झाड गोणपाटात तसंच बांधलेलं. सासू वारांगात खुर्चीवर बसून सगळं बघत होती. मला वाटलं आता ती अडवेल. ती एवढंच म्हणाली, "सांबाळून. खड्ड्यातनं जाताना पाला हलाया नको." पाहुणी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि जाताना पहिल्यांदा मला म्हणाली, "येते गं."

नवरा परत आला तेव्हा थंडी सरली होती. रॉड्रिग्जचा मध आणला होता, लिंबाचं लोणचं आणलं होतं, मुलांसाठी शिंपले. चहा पिऊन तो मागे गेला. मी त्याच्यामागे गेले. रिकाम्या विटांपाशी तो थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, साडी फाटल्यापासून. मधलं एक वाक्य सोडून.

"बरं केलंस," तो म्हणाला. "तिकडे ऊन आहे."

मला वाटलं होतं तो रागावेल, आणि मग मी रागावेन, आणि एकदा काय ते होऊन जाईल. हे 'बरं केलंस' मला सोसेना. मी म्हटलं, इतकी वर्षं जीव टाकलात त्यांच्यावर, आणि आता बरं केलंस?

तो खाली विटांवर बसला. म्हणाला, "पहिल्या वर्षी आईने मला बजावलं होतं. यातलं एक झाड जरी वाळलं तर लोक नवीलाच बोलतील. दुसरी आली आणि पहिलीचं सगळं सुकवलं, म्हणतील. तुला कोणी नावं ठेवायला नकोत म्हणून झाकत होतो. मग सवय झाली."

हे त्याने मला आठ-दहा वर्षांनी सांगितलं. मी त्याच्या शेजारी बसले. विश्वास ठेवावा असं वाटत होतं, आणि अर्धा ठेवलाही. पण मग सोडलेलं वाक्य माझ्या तोंडून आलंच. मी विचारलं, "लालमतीला तुम्ही स्वतः गेला होतात?"

"गेलो होतो. आईने पाठवलं होतं."

"ती हो म्हणाली असती तर?"

त्याला खोटं बोलता येत नसे. "तर तू सुरिनामला असतीस," तो म्हणाला.

मी उठून चूल पेटवायला गेले. दुसऱ्या एखाद्या माणसाने काही गोड बनवून सांगितलं असतं, आणि मी ते ऐकून झोपले असते. यानंतर कितीतरी वर्षं ते वाक्य मला भाकरी थापताना आठवायचं. पण हेही खरं, की त्यानंतर तो जे काही म्हणाला त्याच्यावर मी पूर्ण विश्वास ठेवू लागले, कारण खरं काय असतं ते मी एकदा त्याच्या तोंडून ऐकलं होतं.

पुढच्या हिवाळ्यापासून झाडं झाकायचं काम माझ्याकडे आलं. तसं कोणी ठरवलं नाही. तो कचेरीतून यायच्या आत मी पोत्याच्या टोप्या चढवून टाकायची. त्या वर्षी लिंबाची पानं गळली नाहीत. राहिलेल्या साड्यांचं सासूने गोधडीत अस्तर घातलं.

लालमतीच्या त्या मॅंडरिनने मात्र कमाल केली. पाहुणीने ते दुकानामागे जमिनीत लावलं. पहिलं वर्ष ते नुसतं उभं राहिलं, आणि मग जे सुटलं ते सुटलं. तिकडून पिशव्या येऊ लागल्या. फळं आमच्यापेक्षा दुप्पट, साल अशी सैल की बोट लावलं की सुटायची. नवरा खायचा आणि म्हणायचा, साखर आहे. मी बिया मोजत बसायची.

त्या दशकाच्या शेवटी तिचं लग्न ठरलं, वय बरंच झाल्यावर, जवळच्याच गावातल्या एका शिक्षकाशी. लग्नाआधी तिने आम्हाला बोलावलं. आम्ही सगळे गेलो, सासूला टॅक्सीने नेलं. झाड दुकानाच्या छपराच्या वर गेलं होतं. फांद्या वाकल्या होत्या, खाली टेकू लावले होते. उन्हात पानं चमकत होती आणि झाडाला कसलंच पांघरूण नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. मी खाली उभी राहून वर बघितलं. हे आमच्या अंगणात उभं होतं. माझ्या हाताने मी व्हॅनमध्ये चढवलं. आमच्याकडची तीन अजून माझ्या कमरेच्या वर गेली नव्हती.

तिने खुर्च्या झाडाखालीच टाकल्या आणि परात भरून फळं आणली. नवरा एकामागून एक सोलत होता, तिच्याशी हसून काहीतरी बोलत होता, मुलं फांदीला लटकत होती. तिने एक मोठं फळ निवडून सोललं, शिरा काढल्या आणि फोडी सासूच्या हातात दिल्या. "घ्या मावशी. कसं आहे सांगा."

सासूने फोड तोंडात टाकली. दात राहिले नव्हते, हिरड्यांनी सावकाश चावली. सगळे तिच्याकडे बघत होते. म्हातारीने माझ्याकडे एकदा बघितलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "पन आमच्या घरचं जास्ती गोड."

पाहुणी खो खो हसली. नवरा थक्क होऊन आईकडे बघत राहिला, कारण आमच्या घरचं आंबट असतं हे सगळ्या क्युरपीपला ठाऊक होतं. मी परातीतून एक फळ घेतलं, सोललं, आणि या वेळी मुलांना न देता सगळं मीच खाल्लं.